जंगलाची पीकपाहणी

सिंधुदुर्गातल्या एका ग्रामपंचायतीत गावाची लोक जैवविविधता नोंदवही मागितली. ग्रामसेवकांनी कपाटाच्या तळातून काढून, फडक्याने पुसून ती हातात दिली. स्पायरल बाइंडिंग, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर मोराचं चित्र. वन्यप्राण्यांच्या पानावर कोल्हा, ससा, रानडुक्कर, माकड आणि त्यांच्याखाली काळवीट. गुरं राखण्यात उभं आयुष्य गेलेले एक आबा माझ्याबरोबर आले होते. त्यांना ते वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "हयसर काळवीट खंयसून इला?"

काळवीट माळरानाचा प्राणी. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि रानात भर दुपारी अंधारून येतं, तिथे तो येणार कुठून? पठारावरच्या कुठल्यातरी जिल्ह्याची यादी गावाचं नाव बदलून इथे चिकटवली होती. आणि आबांच्या घरामागच्या रानात रोज संध्याकाळी भुंकणारं भेकर, बांधावर काटे टाकून जाणारं साळिंदर, काजूच्या बागेतला कांडेचोर, वारूळ फोडून गेलेलं खवलेमांजर यांतलं एकही नाव त्या पानावर नव्हतं. आबांना कोणी विचारलंच नव्हतं.

ही नोंदवही म्हणजे कोणाच्या हौसेची गोष्ट नाही. तिच्यामागे २००२ चा जैवविविधता कायदा आहे. त्या कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी, आणि २००४ च्या नियमांनी या समितीचं मुख्य काम सांगितलं ते स्थानिक लोकांशी बोलून लोक जैवविविधता नोंदवही तयार करण्याचं. कल्पना त्याहून जुनी. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात ती मांडली आणि गावोगावी करून पाहिली. गावाला आपलं रान ठाऊक असतं, ते ज्ञान कागदावर यावं आणि त्या कागदावर गावाचा हक्क राहावा, इतकी ती साधी होती. कायदा झाला, तरी काम रखडलं. २०१६ मध्ये प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं, तेव्हा देशभरात दीड हजारही नोंदवह्या नव्हत्या. लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली आणि त्यानंतर राज्यांना महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं. मग नोंदवह्यांचा पूर आला. आज देशात त्या अडीच लाखांच्या पुढे आहेत.

दंडाच्या धाकाने रान मोजता येत नाही. पावसाळ्यातला बेडूक हिवाळ्यात दिसत नाही, चैत्रात ऐकू येणारा पक्षी भाद्रपदात गप्प असतो. एका गावाची नोंद करायची तर निदान वर्षाचं एक चक्र त्या गावात फिरावं लागतं. काही महिन्यांत हजारो गावांचं काम उरकायचं म्हटल्यावर ते गावात न जाताच उरकलं जाणार. ग्रामसेवकांना मी दोष देत नाही. त्यांच्या टेबलावर घरपट्टीपासून घरकुलापर्यंत पन्नास कामं असतात आणि भेकर कसं ओरडतं हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. चूक आपल्या समजुतीत आहे. यादी म्हणजेच नोंद, असं आपण मानून बसलो आहोत.

नोंद म्हणजे काय हे मला रानपिंगळ्याच्या गोष्टीतून कळलं.

रानपिंगळा हे सागवानी रानातलं छोटं, दिवसाही वावरणारं घुबड. १८७३ मध्ये शास्त्राने त्याला नाव दिलं. खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने काही नमुने जमवले, त्यातला शेवटचा १८८४ मधला. त्यानंतर पक्षी दिसेनासा झाला. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश फौजी अधिकाऱ्याने आपण १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ हा पक्षी मिळवल्याचं सांगितलं. मोठ्या माणसाचा शब्द, सोबत पेंढा भरलेला पक्षी. कोण शंका घेणार? शोध घेणारे त्या नोंदीवर विसंबून फिरले आणि हात हलवत परतले. नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञांनी संग्रहालयातले नमुने नीट तपासले, तेव्हा उलगडलं की माइनर्ट्झहागेनचा नमुना मुळात डेव्हिडसनचाच होता. तो चोरून, पुन्हा शिवून, नवी चिठ्ठी लावून ठेवला होता. त्यांनी खोटी चिठ्ठी बाजूला सारली, डेव्हिडसनच्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं धरली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सोबत्यांसह शहाद्याजवळच्या रानात आल्या. रानपिंगळा तिथेच बसलेला होता. ११३ वर्षं तो कुठेही गेला नव्हता.

एका खोट्या चिठ्ठीने पक्षी हरवला आणि शंभर वर्षांपूर्वीच्या खऱ्या चिठ्ठीने सापडला. त्या चिठ्ठीवर असतं काय? कोणी पाहिलं, कुठे पाहिलं, कोणत्या दिवशी पाहिलं. ग्रामपंचायतीतल्या त्या गुळगुळीत वहीत या तिन्ही गोष्टी नव्हत्या. म्हणून ती काळविटामुळे खोटी ठरते असंही नाही. काळवीट खोडून तिथे भेकर लिहिलं असतं तरी ती मला निरुपयोगीच वाटली असती.

ही गोष्ट इथे संपत नाही. २०१४ मध्ये हाच रानपिंगळा ठाणे जिल्ह्यात तानसा अभयारण्यात दिसला. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाभोवतीचं हे रान, कित्येक पक्षिनिरीक्षकांच्या पायाखालचं. तिथे तो नव्यानेच आला असेल, असं मला वाटत नाही. त्या नजरेने तिथे कोणी पाहिलं नव्हतं, इतकंच. आपल्या परिसरातलं रान आपल्याला माहीत आहे, या समजुतीवर माझा तेव्हापासून विश्वास राहिलेला नाही.

शेतजमिनीच्या बाबतीत आपण किती काटेकोर असतो ते पाहा. सातबाऱ्यावर मालकाचं नाव, क्षेत्र, बोजा, विहीर, झाडं, आणि बाराच्या नमुन्यात दर हंगामाचं पीक. पूर्वी तलाठी बांधावर येऊन पीकपाहणी करायचा, किंवा करायला हवी होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः शेतात उभा राहतो, मोबाईलवर पिकाचा फोटो काढतो, जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात आणि तलाठी काही नोंदींची पडताळणी करतो. नेटवर्क नसणं, ॲप अडकणं, या सगळ्या कटकटी आहेतच. तरी सरकारने एक मोठी गोष्ट मान्य केली: ज्याचं शेत, त्याची नोंद ग्राह्य. विमा, नुकसानभरपाई, कर्ज हे सगळं या नोंदीवर चालतं. कापूस आहे की तूर हे सांगण्यापुरता ज्याच्यावर विश्वास ठेवला, त्याच माणसाने बांधापलीकडच्या राईत शेकरूचं घरटं आहे असं सांगितलं, तर ते ऐकून घेणारा एकही रकाना सरकारदरबारी नाही.

त्याच सातबाऱ्यावर एक शब्द असतो, पोटखराबा. लागवडीला निरुपयोगी जमीन. कोकणातले कातळसडे त्यात येतात. आंबोलीच्या जांभ्या खडकावर पावसाच्या पहिल्या सरींनी साचलेल्या बोटभर पाण्यात एक छोटा भेक अंडी घालतो. तो आंबोलीच्या परिसराबाहेर जवळपास कुठेच नाही, आणि शास्त्राने त्याला स्वतंत्र नाव दिलं ते २००९ मध्ये. त्याच आंबोलीत हिरण्यकेशीच्या देवळासमोरच्या कुंडातला मासा २०२० मध्ये नवा ठरला. कुंडावर शेकडो वर्षं लोक येत होते, हात जोडत होते, माशांकडे बघत होते. महसुलाच्या भाषेत जे खराब, तिथे असलं धन असतं, आणि ते लिहिलेलं नसल्यामुळे एखादा प्रकल्प आला की नकाशावर ती जागा मोकळी दिसते.

मोकळी दिसते, हे शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात प्राण्यांची यादी द्यावी लागते. ती बनवणारी माणसं बाहेरची, वेळ बहुधा एका ऋतूचा, आणि पैसे प्रकल्पवाल्याचे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साईट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर उचललेला आढळला होता, हे जुनं प्रकरण अनेकांना आठवत असेल. जनसुनावणीत गावकरी उठून म्हणतो, "आमच्या रानात गवे आहेत, सांबरं आहेत." साहेब विचारतात, पुरावा? पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं ते सगळं त्या एका शब्दापुढे हवेत विरतं. गावाच्या हातात दहा वर्षांची तारीखवार वही असती, तर त्या सभेतलं बोलणं वेगळ्या पातळीवर झालं असतं.

यावर कोणी म्हणेल, आता लोक नोंदी करतातच की. खरं आहे, आणि त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला, तो ३० हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा होता. ९४२ जातींचा आढावा त्यात घेतला आहे. एवढं काम पगारी शास्त्रज्ञांच्या कितीही मोठ्या फौजेला जमलं नसतं. मुंबईत आरे आणि बोरिवलीच्या रानात हौशी तरुणांनी रात्री-अपरात्री फिरून विंचू, कोळी, पाली शोधल्या. आरेतल्या एका विंचवाच्या शास्त्रीय नावातच आरे आहे. ठाणे-कल्याण पट्ट्यात सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं. शहराच्या पोटात हे सगळं आहे हे आपल्याला फिरणाऱ्या माणसांनी दाखवलं.

पण या नोंदींचा नकाशा एकदा उघडून बघा. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरभोवती ठिपक्यांची दाटी. ताम्हिणी, आंबोली, ताडोबा इथे ठिपके. आणि मधला प्रचंड महाराष्ट्र रिकामा. नोंदी सुट्टीच्या दिवशी होतात, मोटार जाते तिथे होतात, आणि कॅमेऱ्याला आवडणाऱ्या जिवांच्या होतात. फुलपाखरांचे फोटो हजारांनी, चिचुंद्र्या आणि वटवाघळं बोटांवर मोजण्याइतकी. साळिंदराला फोटोसाठी थांबायची हौस नसते, त्याची नोंद काट्यावरून आणि कुरतडलेल्या सालीवरून करावी लागते. ती नजर शहरातून महिन्यातून एकदा येणाऱ्याकडे नसते. ती गुराख्याकडे असते, मध काढणाऱ्याकडे असते, कातकरी, ठाकर, वारली, माडिया माणसाकडे असते. मात्र त्याच्या फोनवरच्या ॲपचं बटण इंग्रजीत असतं आणि प्राण्याचं नाव लॅटिनमध्ये.

दोन्ही बाजूंकडे अर्धं अर्धं आहे. एकाकडे पद्धत आहे, दुसऱ्याकडे ओळख आहे. लोक जैवविविधता नोंदवही ही या दोघांची भेट व्हायची कायदेशीर जागा होती, आणि ती आपण मुदतीच्या घाईत वाया घालवली. माझं म्हणणं इतकंच की ती वही परत उघडावी, कोरी पानं जोडावीत आणि ती गावातल्या माणसांनी, पायी फिरून, तारखेसह, वर्षानुवर्षं लिहावी. एकदा लिहून शिक्का मारायची ती वस्तू नव्हे. पीकपाहणी दर हंगामाला होते, तशी ही दर ऋतूला व्हावी.

पायी फिरण्यावर माझा जोर आहे, त्याचं कारण सांगतो. आमची तीन-चार जणांची मंडळी एका देवराईत गेली काही वर्षं महिन्यातून एकदा जाते. वाट तीच, वेळ तीच, साधारण दोन तास. पहिल्या वर्षी उत्साह होता, दुसऱ्या वर्षी कंटाळा आला, तिसऱ्या वर्षापासून गंमत सुरू झाली. कोणतं उंबराचं झाड पिकलं की धनेश येतात, पाणी कोणत्या महिन्यात आटतं आणि मग खुरांचे ठसे कुठल्या ओहोळाकडे वळतात, हे आपोआप उमगू लागलं. आम्ही न दिसलेलंही लिहितो. 'भेकराचा आवाज नाही' ही नोंद सलग आठ महिने आली, तेव्हा आम्ही वर कुठे रस्त्याचं काम सुरू झालं आहे का ते पाहायला गेलो. झालं होतं. केवळ जे दिसलं तेच लिहिलं असतं, तर हा बदल कधीच कळला नसता. ईबर्डची पूर्ण यादीची पद्धत याच तत्त्वावर चालते: जे जे ओळखता आलं ते सगळं लिहायचं, म्हणजे जे लिहिलं नाही त्यालाही अर्थ येतो.

याच्या उलट आपल्याकडची बुद्धपौर्णिमेची प्राणिगणना. चांदण्यात मचाणावर बसून रात्रभर पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजणं हा विलक्षण अनुभव आहे आणि तो प्रत्येकाने एकदा घ्यावा. मात्र तीच अस्वलं दोन पाणवठ्यांवर मोजली जाऊ शकतात, ढग आले की आकडा बदलतो, आणि आदल्या दिवशी वळवाचा पाऊस पडला तर पाणवठ्यावर कोणी फिरकतच नाही. वनखात्यानेही आता तिला निसर्गानुभव म्हणायला सुरुवात केली, हे प्रामाणिकपणाचं झालं. वर्तमानपत्रं मात्र दर वर्षी दुसऱ्या दिवशी 'बिबट्यांची संख्या वाढली' असा मथळा देतात. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात कागदावर वाघ होते आणि २००४-०५ मध्ये कळलं की रानात एकही उरलेला नाही. ठशांवरून मोजण्याची जुनी रीत त्यानंतर मोडीत निघाली. हा धडा फार महाग पडला होता.

आता दोन आक्षेप, आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला चोरट्या शिकारीचा. खवलेमांजराचं बीळ कुठे आहे हे उघड लिहिणं म्हणजे शिकाऱ्याला पत्ता देणं. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या ऑनलाइन मंचावर धोक्यातल्या जातींची नेमकी जागा झाकली जाते, साधारण वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी एवढंच दिसतं. गावच्या वहीतही असं एक पान हवं, जे ग्रामसभेच्या ताब्यात राहील आणि कारणाशिवाय बाहेर जाणार नाही. आंबोलीला पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन येणारे जथे, फोटोसाठी काडीने उचलून ठेवलेले बेडूक आणि साप मी पाहिले आहेत. जिवाला त्रास देऊन मिळवलेली नोंद मला नको, मग ती कितीही दुर्मीळ जातीची असो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा. नोंदी करून जंगल वाचतं का? आरेच्या जैवविविधतेची एवढी चर्चा झाली, कागद झाले, तरी ऑक्टोबर २०१९ मध्ये एका रात्रीत कुऱ्हाडी चालल्याच. ती रात्र मुंबईकर विसरणार नाहीत. नोंद म्हणजे ढाल, असं भाबडं विधान मी करणार नाही. पण दुसरी बाजूही पाहायला हवी. हिरण्यकेशीचा मासा नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी त्या कुंडाभोवतीची २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे-हेवाळे इथली रान-जायफळाची दलदल लोकांनी देवाची राई म्हणून राखली होती. अभ्यासकांनी तिची नोंद केल्यावर तिलाही तो दर्जा मिळाला. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ खालून प्राण्यांना जायला वाटा बांधल्या गेल्या, आणि कॅमेऱ्यांनी वाघापासून सशापर्यंत सगळ्यांना त्या वाटांनी जाताना टिपलं. नोंद नसलेल्या रानाला यातलं काहीच मिळत नाही, त्याच्यासाठी भांडणाऱ्यालाही हातात धरायला काही नसतं.

पैशाचा प्रश्न मी टाळत नाही. शहरातला माणूस हौसेने फिरतो. गावातल्या बाईने किंवा गड्याने महिन्याचे दोन दिवस यासाठी दिले, तर ती मजुरी बुडते. तिला दाम मिळाला पाहिजे. रस्त्याकडेला बिनकामाचे पेव्हर ब्लॉक बसवायला पैसे निघतात, मग रानाची पाहणी करणाऱ्या दोन माणसांचा रोज का निघू नये? २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभांना आपलं वन, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला तो हक्क २००९ मध्ये मिळाला, पण त्याआधी कित्येक वर्षं त्या गावाने अभ्यासगट चालवले होते. हक्काच्या आधी अभ्यास, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आणि गावात शाळा असते, तिथे सहावी-सातवीची मुलं असतात, ज्यांच्या डोळ्यांना आमच्यापेक्षा दुप्पट दिसतं. पर्यावरणाच्या प्रकल्पात इंटरनेटवरून वाघाचं चित्र चिकटवण्यापेक्षा शाळेमागच्या वडावर वर्षभरात कोण कोण आलं ते त्यांनी लिहावं.

नावांबद्दल एक सांगायचं राहिलं. वहीत प्राण्याचं नाव त्या गावात जे असेल तेच आधी लिहावं. शास्त्रीय नाव नंतर कोणीतरी जाणकार जोडेल. एका तालुक्यात कांडेचोर, दुसऱ्यात उदमांजर. ही नावं माणसांबरोबर जात आहेत आणि ती पुन्हा सापडणार नाहीत. आबांना पाच प्रकारच्या घुबडांचे आवाज काढून दाखवता येतात, प्रत्येकाचं नाव वेगळं. मोराचं चित्र असलेल्या त्या वहीत एकच शब्द होता, 'घुबड'.

गेल्या आषाढात ग्रामसेवकांच्या परवानगीने त्या वहीला मागे शंभर पानी कोरी वही शिवली. पहिली ओळ आबांनी सांगितली, त्यांच्या नातीने लिहिली. तारीख, सकाळचे साडेसहा, राईच्या वरच्या अंगाची पाणंद, पाऊस रिपरिप. शेकरूचं घरटं एक, नवं, किंजळाच्या झाडावर. साळिंदराचे काटे दोन. भेकर ऐकलं नाही.